जाणता हात : जबड्याचे दुखणे आणि बाळाची बांधलेली जीभ

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)





वार्षिक सभेत नव्या यंत्राविषयी बोलणे सोपे असते. यंत्र दाखवता येते, त्याची किंमत सांगता येते, त्यावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. आज आम्ही ज्या उपचाराविषयी बोलणार आहोत, त्यात दाखवण्यासारखे फारसे काही नाही. एक स्वच्छ खोली, एक खुर्ची, एक आरसा, हातमोज्यांचा डबा आणि शिकलेले दोन हात, एवढीच त्याची सामग्री. जबड्याच्या दुखण्यावर आणि जीभ बांधलेल्या तान्ह्या बाळाच्या दूध पिण्याच्या अडचणीवर हळुवार हाताने पुष्कळ काही करता येते. परंतु हाताने बरे होणारे दुखणे कोणते आणि नुसत्या हातावर विसंबल्याने हाताबाहेर जाणारे दुखणे कोणते, हे ओळखणे हा या उपचाराचा पहिला व सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. आजचे आमचे सारे सांगणे या एका गोष्टीभोवती आहे.

भिवंडी हे हातांनी उभे केलेले शहर आहे. माग विजेवर चालू लागला, तरी तुटलेला धागा जोडायला अजून बोटेच लागतात. येथे उत्तर प्रदेशातून आलेले विणकर आहेत, तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचे कोकणी मुसलमान, आगरी आणि कोळी आहेत, तालुक्याच्या पाड्यांवर वारली व कातकरी बांधव आहेत. प्रत्येक घराने आपापला मालिशीचा हात, आपापले तेल आणि आपापली जाणती आजी सोबत आणली आहे. या परंपरेविषयी आम्हांला आदर आहे. म्हणूनच तिच्याशी मोकळेपणाने बोलणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

प्रथम जबड्याकडे वळू. आपण सर्वांनी आत्ताच कानाच्या छिद्रापुढे दोन्ही बाजूंना एकेक बोट ठेवून तोंड सावकाश उघडावे आणि मिटावे. बोटाखाली जे सरकताना जाणवते, तो जबड्याचा सांधा. दाराच्या बिजागरीप्रमाणे तो फिरतो आणि त्याच वेळी खणाप्रमाणे पुढेही सरकतो. त्याच्या मध्ये कूर्चेची एक लहानशी चकती असते. बोलताना, चावताना, गिळताना, जांभई देताना तो कामाला लागतो. आता हाताची मधली तीन बोटे एकमेकांना लावून, उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का ते पाहावे. प्रौढ माणसाचे तोंड साधारणपणे ४ सेंटीमीटर किंवा त्याहून थोडे अधिक उघडते, म्हणजे स्वतःची तीन बोटे त्यात मावतात. ही तीन बोटांची खूण कृपया लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा कामास येणार आहे.

या सांध्याचे आणि त्याभोवतीच्या स्नायूंचे दुखणे तरुण व मध्यम वयात अधिक आढळते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होते. पुष्कळ जण ‘कान दुखतो’ म्हणून येतात आणि कान तपासला तर निरोगी निघतो. काहींना सकाळी उठल्यावर गाल आणि कानशिले जड वाटतात, कारण ते झोपेत दात खातात. दात खाणे म्हणजे पोटात जंत, अशी आपल्याकडे समजूत आहे. परंतु मोठ्या माणसांत मनावरचा ताण, अपुरी झोप आणि दिवसाही नकळत दात आवळून ठेवण्याची सवय ही कारणे प्रथम शोधावी लागतात. म्हणून रुग्ण खुर्चीवर बसला की जबड्याला हात लावण्याआधी विचारावे लागते, रात्रपाळी असते काय, एकाच बाजूने चावता काय, दाताने धागा तोडता काय, सुपारी खाता काय. उत्तरांतच निम्मे निदान सापडते.

हाताचा उपचार तो काय? प्रशिक्षित भौतिकोपचार तज्ज्ञ गालाच्या चर्वणस्नायूवर बाहेरून आणि हातमोजा घालून तोंडाच्या आतूनही हलका दाब देतात. दुखरी गाठ सापडली की तिच्यावर बोट स्थिर धरून ती सैल होण्याची वाट पाहतात. खालच्या दाढांवर अंगठा ठेवून जबडा अगदी हळू खाली ओढतात, जेणेकरून सांध्यावरचा भार घटकाभर उतरावा. मग रुग्णाला आरशापुढे बसवून, जीभ टाळूला टेकवून, जबडा वाकडा न जाऊ देता तोंड उघडायला शिकवतात. यात कडकड आवाज काढणे नाही, झटका नाही. दुखणे वाढेल इतका जोर लावणारा हात अजून शिकलेला नाही, असे खुशाल समजावे.

या साध्या उपचारामागे आज भक्कम अभ्यास उभा आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०२३ च्या डिसेंबरात जबड्याच्या जुनाट दुखण्यावर मार्गदर्शक शिफारशी प्रसिद्ध केल्या. तज्ज्ञाच्या हाताने सांध्याला दिलेली हळुवार हालचाल, दुखऱ्या बिंदूंवरील मर्दन, देखरेखीखालील व्यायाम, ताण हाताळण्यासाठी मानसोपचाराची मदत आणि रुग्णाला नीट समजावून दिलेला धीर, यांना त्यांत ठळक पसंती आहे. उलट सांध्यातील चकती काढून टाकण्यासारख्या शस्त्रक्रियेविरुद्ध स्पष्ट इशारा आहे. दात घासून चावा कायमचा बदलण्यासारखे, मागे न फिरवता येणारे उपाय या दुखण्यात टाळावेत, असेच जाणकारांचे मत आहे. गरिबाच्या खिशाला परवडणारा उपचार आणि शास्त्राने उचलून धरलेला उपचार येथे एकच आहे. असे योग फार थोडे येतात.

यातील बराचसा भाग तर घरीच करावयाचा असतो. ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ वरच्या दातांमागे टाळूला हलकेच टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची बैठक. दिवसातून अनेकदा तिची आठवण करावी. ऊन पाण्यात पिळलेल्या फडक्याने दहा-पंधरा मिनिटे शेकावे. काही दिवस मऊ भात, खिचडी, आमटीत कुस्करलेली भाकरी घ्यावी. फुटाणे, ऊस आणि सुपारी दूर ठेवावी. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरावी. अनेकांचे दुखणे एवढ्याने काही आठवड्यांत उतरते.

हाताच्या या कौशल्याची आपल्या भूमीतील परंपराही जुनी आहे. निखळलेला जबडा शेकून, सांधा जागेवर बसवून पट्टी बांधण्याचा विधी सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावे असलेल्या ग्रंथांतही जबडा हाताने बसवण्याची रीत सांगितलेली आहे. आजही मोठी जांभई देताना कुणाचा जबडा निखळून तोंड उघडेच राहिले, तर डॉक्टर तो हातानेच बसवतात. मात्र ते काम शिकलेल्या हाताचे आहे. शेजाऱ्याने जोर लावून पाहण्याचे नव्हे. आधुनिक भौतिकोपचाराचे शिक्षणही आपल्याच परिसरात रुजले. १९५२ साली मुंबईच्या परळ येथील के.ई.एम. रुग्णालयात त्याचे देशातील पहिले विद्यालय सुरू झाले.

आता दुसरी बाजू. ज्याच्या तोंडात तीन बोटे जात नाहीत, त्याला मालीश करण्यापूर्वी दिव्याखाली तोंड पाहिले पाहिजे. यंत्रमागाच्या आणि गोदामांच्या या शहरात पाळी जागवण्यासाठी, भूक मारण्यासाठी, सोबत्यांच्या आग्रहासाठी सुपारी, मावा आणि गुटखा तोंडात जातो. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. तरीही तो चोरट्या मार्गाने पुडीतून पोहोचतो, हे कुणापासून लपलेले नाही. सुपारीतील द्रव्यांमुळे तोंडाच्या आतले मऊ अस्तर हळूहळू ताठर होत जाते. आधी तिखट लागताच आग होते. मग गाल आतून पांढुरके पडतात, बोट फिरवले तर दोरीसारखे पट्टे लागतात, शीळ वाजवता येत नाही, जीभ पुरती बाहेर निघत नाही आणि एके दिवशी पाणीपुरी तोंडात जात नाही म्हणून तरुण मुलगा हसत हसत सांगतो, ‘जबडा जरा आखडलाय.’

हा जबड्याचा आखडलेपणा नाही. हा तोंडाच्या अस्तराचा रोग आहे. १९५३ साली मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्णांच्या आधारे त्याचे वर्णन केले आणि त्याला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव रूढ झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी केरळातील ६६ रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा करून १९८५ मध्ये निष्कर्ष मांडला. त्यांतील ५ जणांना, म्हणजे शेकडा ७.६ रुग्णांना, तोंडाचा कर्करोग झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या आपल्या ग्रंथात सुपारीला, तंबाखूविना खाल्लेल्या सुपारीलाही, माणसात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ ठरवले. ‘आम्ही तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो,’ हे वाक्य म्हणूनच दिलासा देणारे राहिलेले नाही.

येथेही हाताला काम आहे. सुपारी पूर्ण सोडलेल्या रुग्णाला रोजचे व्यायाम, दातांमध्ये एकावर एक चपट्या लाकडी काड्या ठेवून त्यांची संख्या हळूहळू वाढवणे, यांमुळे तोंडाचे उघडणे काही मिलिमीटरने सुधारू शकते. जेवणाचा घास जाणे किंवा न जाणे यांतले अंतर कधीकधी तेवढेच असते. परंतु ताठरलेले अस्तर मालिशीने पूर्ववत होत नाही, आणि पुडी चालू ठेवून केलेला व्यायाम म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय. तोंडातील व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, पांढरा वा लाल चट्टा दिसला, गाठ लागली, तर तुकडा काढून तपासलाच पाहिजे. त्या तपासणीआधी कुणी महिनाभर जबडा चोळत बसला, तर त्याच्या हळुवार हाताने रुग्णाचा महत्त्वाचा महिना खर्च केला, असेच म्हणावे लागेल.

जबड्याच्या दुखण्यात आणखी काही खुणांना थांबण्याची मुभा नाही. श्रम करताना जबडा व छाती दुखणे, घाम सुटणे, दम लागणे हे हृदयविकाराचे लक्षण असू शकते. जखमेनंतर दातखीळ बसू लागली तर धनुर्वाताची शंका घ्यावी. ताप आणि सूज असेल तर दाढेचा जंतुसंसर्ग पाहावा. उतारवयात चावताना जबडा दुखू लागला, डोके दुखते आणि दृष्टी धूसर होते, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. या प्रसंगी तेलाची वाटी बाजूला ठेवून रिक्षा बोलवावी.

आता तान्ह्या बाळाकडे येऊ. आपण जीभ वर उचलली तर तिच्या खाली मधोमध एक बारीक पडदा दिसतो. तो प्रत्येकालाच असतो. काही बाळांत तो आखूड, जाड किंवा जिभेच्या टोकाजवळ जोडलेला असतो. जीभ वर उचलता येत नाही, बाहेर काढताना टोकाशी खाच पडून ती बदामाच्या आकाराची दिसते. यालाच बांधलेली जीभ म्हणतात. व्याख्येप्रमाणे आकडे बदलतात, तरी साधारण १०० बाळांत ४ ते १० बाळांना ती आढळते. म्हणजे ही दुर्मीळ विकृती नाही, आणि ग्रहणात सुरी हाती घेतल्याने ती होते हेही खरे नाही. सुनेला दोष देणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकून ठेवावे.

महत्त्वाचे हे की जीभ बांधलेली दिसणे आणि त्यामुळे अडचण असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२४ च्या अहवालात नमूद केले, की अशी जीभ असलेल्या बाळांपैकी निम्म्याहून कमी बाळांना स्तनपानात अडचण येते. म्हणून पहिला प्रश्न जिभेचा नसतो. बाळाचे वजन वाढते काय? जन्मानंतरच्या पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसरात्रीत सहा वा अधिक वेळा लघवी होते काय? आईला स्तनाग्रांवर भेगा पडून असह्य वेदना होतात काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर पडद्याला हात लावण्याचे कारण नाही.

अडचण असेल तर पहिला उपचार पुन्हा हातच आहे. पण तो बाळाच्या तोंडात घातलेला हात नव्हे. तो आईच्या पाठीशी उशी ठेवणारा, बाळाला तिच्या पोटाशी सरळ रेषेत वळवणारा, मानेला आधार देणारा हात आहे. बाळाचे तोंड मोठे उघडेपर्यंत थांबावे, हनुवटी स्तनाला टेकावी, खालचा ओठ बाहेर वळलेला असावा, नुसते स्तनाग्र न जाता त्याभोवतीचा काळसर भागही तोंडात जावा. पुष्कळ वेळा एवढ्या बदलाने आईच्या डोळ्यांतले पाणी थांबते. दूध पुरे पडत नसेल तर हाताने दूध काढून वाटी-चमच्याने देण्यास शिकवावे लागते. बाटलीची घाई करू नये. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. आईच्या दुधासाठी किती खटपट करणे योग्य ठरते, हे त्या उपक्रमाने साऱ्यांना शिकवले.

एवढे करूनही अडचण राहिली, तर जाणकार डॉक्टर तो पडदा बोथट टोकाच्या कात्रीने किंचित कापतात. काम क्षणाचे असते, रक्त थेंबभर येते आणि बाळाला लगेच पाजता येते. त्याआधी जन्मावेळचे ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिलेले आहे ना आणि घराण्यात रक्त न थांबण्याचा विकार नाही ना, हे विचारले जाते. २०१७ साली कॉक्रेन संस्थेने ५ चाचण्यांतील ३०२ बाळांचा आढावा घेतला. या लहानशा छेदाने आईच्या वेदना नजीकच्या काळात कमी होतात असे दिसले. बाळाच्या दूध पिण्यावर मात्र सातत्याने परिणाम दिसला नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही २००५ मध्ये या छेदात सुरक्षिततेची मोठी चिंता नसल्याचे म्हटले होते. उपाय चांगला आहे, पण निवडून वापरण्याचा आहे. महागड्या लेझरने तो अधिक गुणकारी होतो, असा पुरावा नाही. छेदानंतर दिवसातून अनेकदा जखमेवर बोट फिरवून ती ताणण्याचा व्यायामही अमेरिकेच्या त्या अहवालाने करू नये असे म्हटले आहे. बाळाच्या डोक्याला व टाळूला हलके दाब देऊन जीभ मोकळी होते, असा दावा अलीकडे ऐकू येतो. त्याला आधार देणारे भरवशाचे संशोधन नाही. पडदा हा ऊतकाचा बंध आहे. दाबाने तो लांब होत नाही.

घरोघरी बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणाऱ्या बायांना आमची हात जोडून विनंती आहे. आपल्या मालिशीने बाळ शांत झोपते, आईला विसावा मिळतो, ते काम आपण करावेच. मात्र बाळाच्या तोंडात बोट घालून टाळू दाबू नये, डोक्यावरच्या मऊ टाळूवर जोर देऊ नये, नखाने जिभेचा पडदा तर कधीही तोडू नये. तोंड सुटावे म्हणून मध चाटवू नये, बोलके व्हावे म्हणून वेखंडही उगाळू नये. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच नको. आणि एवढी एक गोष्ट करावी. न्हाऊ घालताना बाळ सुस्त वाटले, पाजताना चुळुकचुळुक आवाज करून सारखे सुटत असले, आईच्या भेगांतून रक्त येत असले, तर आजीबाईंना आणि सासूबाईंना सांगून त्या दोघांना रुग्णालयात पाठवावे. त्या घरात डॉक्टरांच्या आधी आपण पोहोचता. आपला शब्द मानला जातो.

बोलण्याची काळजीही अनेक कुटुंबे बोलून दाखवतात. जीभ बांधलेली असली की मूल बोबडे वा मुके होते, असे नाही. मूल उशिरा बोलत असेल तर आधी त्याला नीट ऐकू येते का, हे तपासावे. २०१३ साली पालघर येथे, जे तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मजात व्यंगे आणि वाढीतील विलंब लवकर शोधून मुलांना मोफत उपचारांपर्यंत नेण्याची सोय त्यात आहे. तिचा लाभ घ्यावा.

देणगीदार मित्रहो, या साऱ्याचा आपल्याशी संबंध असा. हाताच्या उपचाराला औषधे थोडी लागतात, पण वेळ फार लागतो. एका आईजवळ बसून एक पूर्ण स्तनपान पाहायला अर्धा-पाऊण तास जातो. जबड्याच्या एका रुग्णाला ऐकून, तपासून, व्यायाम शिकवून उठायला तेवढाच. गर्दीच्या दवाखान्यात सर्वांत आधी कापला जातो तो हाच वेळ. आपण दिलेला रुपया जेव्हा भौतिकोपचार तज्ज्ञाच्या, स्तनपान सल्लागार परिचारिकेच्या वेतनात जातो, तेव्हा त्यावर पाटी लावता येत नाही. पण दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला दोन मिनिटांत गोळी देऊन परत न पाठवण्याचे बळ त्यातून येते. तोंड तपासायचा दिवा, वजनाचा अचूक काटा, बाळंतिणीसाठी पडद्याआडची एक खुर्ची, या लहान वस्तूंचेही मोल तेवढेच आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांना तीन गोष्टी सोबत न्यायला सांगतो. घरातल्या प्रत्येक प्रौढाची तीन बोटांची खूण महिन्यातून एकदा पाहा. बाळाच्या जिभेआधी त्याचे वजन पाहा. आणि कुणीही, आमच्यापैकी कुणीही, तोंडाला वा जबड्याला हात लावण्याआधी दिवा लावून पाहिले नाही, तर निःसंकोच विचारा, ‘आधी तपासणार ना?’ तो प्रश्न आम्हांला अपमान वाटणार नाही. तो विचारणारा रुग्ण आमच्या कामाचा साक्षीदार आहे, असे आम्ही समजू.